चिखलाचं सामान

चष्मेवाल्याला चिखलाची अजिबात भीती वाटत नव्हती. निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. अडचण होती ती फक्त सामानाची. पाऊस पडून टेकडीवरच्या वाटा ओल्या झाल्या की दर वेळी त्याच्याकडे नेमकी एक वस्तू कमी निघायची. आधी टायर गुळगुळीत निघाले, म्हणून त्याने सायकलला खोल नक्षीचे, चिखल धरून न ठेवणारे टायर बसवले. मग कळलं की हातमोजे भिजले की मूठ सुटते, म्हणून रबरी तळव्याचे हातमोजे आले. पाठोपाठ गुडघ्याच्या ढाली आल्या, कोपराच्या आल्या, पाणी न शिरणारे पायमोजे आले, पुढचं मडगार्ड आलं, मागचं आलं, बुटाला घट्ट धरणारी काटेरी पेडलं आली. एवढं सगळं घरात येईपर्यंत टेकडी वाळून खडखडीत व्हायची, आणि वाळलेल्या वाटेवर सायकल चालवण्यात तर त्याचा हात कोणी धरला नसता.

बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. डोळे तपासायच्या खुर्चीत माणूस बसला, नाकावर ती जड, गोल चौकट चढली, की तो कुठे पळू शकत नाही, हे चष्मेवाल्याला अनुभवाने माहीत झालं होतं. एक काच सरकवायची, दुसरी सरकवायची, "हे स्पष्ट की हे?" असं विचारायचं, आणि मधल्या वेळात ज्ञान द्यायचं. "चिखलात टायरची हवा जरा कमी ठेवायची, म्हणजे टायर पसरतो आणि पकड घेतो. वाचा खालची ओळ. आणि नजर लांब ठेवायची, पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. आता डावा डोळा." एक आजीबाई तर चिखलात वळण कसं घ्यायचं ते पाठ करून घरी गेल्या आणि चष्म्याचा नंबर विचारायचा विसरल्या, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आल्या.

मागच्या वर्षी काय झालं होतं ते मात्र तो खुर्चीतल्या कोणालाच सांगत नसे. टेकडीच्या मागच्या अंगाला एक उतार आहे. मुळं, दगड, लाल चिखल, मध्ये एक वाकडं वळण आणि खाली डबकं. त्याला सगळे घसरगुंडी म्हणतात. त्या उतारावर चष्मेवाल्याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला होता. चाक थांबलं, सायकल थांबली, चष्मेवाला काही थांबला नाही. तो हँडलवरून डबक्यात गेला आणि बराच वेळ त्याचे फक्त बूट दिसत होते. सायकलींचं मंडळ चालवणारी दातांची डॉक्टर सगळ्यांत आधी धावली. तिने त्याला बाहेर ओढलं, ओठ वर करून पाहिलं, "दात शाबूत आहेत," असं जाहीर केलं आणि ती पुढच्या माणसाकडे गेली. तिच्या लेखी विषय तिथे संपला. चष्मेवाल्याच्या लेखी तिथून सुरू झाला.

कारण त्यानंतर पंधरवड्याने जोडीची शर्यत होती. एका घरातल्या दोघांनी मिळून टेकडीच्या दोन फेऱ्या मारायच्या, आणि दोघंही पोचल्याशिवाय जोडी पोचली असं धरायचं नाही. चष्मेवाल्याच्या लेकीने कधीची तयारी केली होती. शर्यतीच्या सकाळी पाऊस आला, आणि चष्मेवाल्याचा घोटा दुखू लागला. कोणता घोटा, हे तो चहा पिईपर्यंत दोनदा विसरला.  लेक दिवसभर शर्यतीच्या दोरीशी उभी राहून दुसऱ्यांच्या जोड्यांना पाणी देत राहिली.

यंदा ती शाळा सुटल्यावर दप्तरासकट दुकानात आली आणि थेट डोळे तपासायच्या खुर्चीत बसली.

"बाबा, रविवारी जोडीची शर्यत आहे."

"माहीत आहे की! टायर बघितलेस ना नवीन? फक्त काय आहे, ते रेनकोटाच्या शिवणीतून पाणी..."

"तू येणार नसशील तर आत्ताच सांग. मामा तयार आहे. त्याला राखीव म्हणून ठेवलंय मी."

"राखीव कशाला? मी आहे ना!"

"असू दे," ती म्हणाली. "ऐन वेळी धावपळ नको."

ती रागावून बोलली असती तर चष्मेवाल्याला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसाला समजावता येतं. पण ती अगदी शहाण्या माणसासारखी, समजुतीने बोलली. छत्री घेऊन ठेवावी, पाऊस आला तर आला, तसा तिने मामा घेऊन ठेवला होता. बाप येणार नाही हे तिने मनातल्या मनात धरून टाकलं होतं आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटेनासं झालं होतं. हे चष्मेवाल्याच्या काळजाला फार लागलं. तो त्याच संध्याकाळी शेजारच्या दवाखान्यात जाऊन दातांच्या डॉक्टरसमोर उभा राहिला.

"मला चिखलात चालवायला शिकवा," तो म्हणाला.

"सामान पूर्ण झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे तसं रेनकोटाचं..."

"उद्या सकाळी मैदानावर या."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सगळं अंगावर चढवून निघाला तेव्हा बायको दारात उभी होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो, एवढ्या सगळ्याच्या आत तुम्ही आहात ना नक्की?" तिने विचारलं. त्याने मान हलवली, पण हेल्मेट तेवढं हललं नाही.

डॉक्टरीणबाईंची शिकवायची पद्धत त्यांच्या दवाखान्यातलीच होती. माणूस खुर्चीत आडवा झाला की खुर्चीचे हात कसे गच्च धरतो, जबडा कसा आवळतो, आणि त्यामुळे साध्या दाताचा कसा डोंगर होतो, हे त्या रोज बघत. "तुम्ही तेच करताय," मैदानातल्या चिखलात त्या ओरडून सांगत होत्या. "खुर्चीचे हात सोडा! खांदे खाली! श्वास घ्या! तोंड उघडा म्हटलं तरी चालेल! सायकल घसरणारच आहे, तिला जरा घसरू द्या, ती आपली आपण सावरते. ब्रेक वळणाच्या आधी, एका बोटाने, हलका. वळणात बिलकूल नाही!"

चष्मेवाल्याला हे सगळं पाठ होतं. हेच तो रोज लोकांना सांगायचा. पण चाक जरा हललं की त्याची आठही बोटं ब्रेकवर मिटायची, आणि बोटांना कोणी काही शिकवलेलं नव्हतं. शिवाय ओल्या चिखलात त्याचे ब्रेक असे काही किंचाळायचे की मैदानाच्या पलीकडची कुत्री उठून बसली. ब्रेकच्या चकत्या भिजल्या की थोडा आवाज होतोच, पण चष्मेवाला ते सोडतच नव्हता, त्यामुळे त्याची सायकल सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच सुरात रडत होती.

"हे ब्रेक ओरडतायत की तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मग तो एकदा उभ्या जागीच पडला. पेडलाच्या काट्यांनी बूट इतका छान धरला होता की पाय टेकायचं राहूनच गेलं. आडवा पडल्या पडल्या त्याने हातमोज्यांची तपासणी केली आणि ते उत्तम असल्याचं सांगितलं.

आठवडाभर हा कार्यक्रम चालला. रोज सकाळी तो चिखलाने माखून घरी यायचा आणि गल्लीच्या तोंडापासून फाटकापर्यंत ब्रेक लावत यायचा. त्या आवाजाने समोरच्या घरातलं तान्हं बाळ उठायचं, मग बाळाची आई उठायची, आणि मग त्या घरातून जे काही ऐकू यायचं ते ऐकून चष्मेवाल्याच्या आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्याच्या आईने सगळा जन्म शिवणाचे वर्ग चालवले होते. एका खोलीत रांगेने मशिनं, आणि एकाही मशिनाची कुरकुर ऐकू येता कामा नये, हा तिचा दंडक. तिच्या मते घरात एखादी वस्तू करकरते याचा अर्थ त्या घराला माणसं नाहीत. वर्ग बंद झाले, मशिनं गेली, पण लांब चोचीची तेलाची डबी राहिली. आठवड्यातून एकदा ती डबी घेऊन सगळ्या घरातून फिरायची. दारांच्या बिजागऱ्या, खिडक्यांच्या कड्या, पंखा, कपाट, फाटक. आपलं झालं की शेजारच्यांचं फाटकही, त्यांना न विचारता. त्या घरात पाहुणा आला तर तो आल्याचं कोणाला कळत नसे, कारण वाजायला काही शिल्लकच नव्हतं.

"अरे, तुझ्या त्या सायकलचं काहीतरी कर बाबा," ती म्हणाली. "मला गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

"आई, तो ब्रेकचा आवाज आहे. ओले झाले की येतो. मी साफ करायचा फवारा आणलाय, मारतो आज."

"फवाऱ्याने काय होतंय?" आई म्हणाली आणि विषय बदलला.

रविवार उजाडला तोच पाऊस घेऊन. चष्मेवाल्याने डोळे उघडले, पाण्याचा आवाज ऐकला आणि आधी घोट्याकडे लक्ष दिलं. घोटा ठणठणीत होता. मग त्याच्या मनात आशेचा एक बारीक किरण आला, की काहीतरी सामान नक्कीच कमी असणार. तो उठून ओटीवर गेला. तिथे त्याचं सगळं सामान ओळीने मांडून ठेवलेलं होतं. हेल्मेट, ढाली, हातमोजे, आणि जास्तीचे हातमोजे. पायमोजे, आणि जास्तीचे पायमोजे. चष्म्यावर वाफ धरू नये म्हणून त्याने स्वतः घासून तयार केलेली काच, पुसायच्या फडक्यासकट. रेनकोटाच्या शिवणीवरसुद्धा कोणीतरी पट्टी चिकटवली होती. लेकीने सगळी रात्र खपून केलं असावं. माघारी फिरायला तिने एक फट ठेवली नव्हती.

"सगळं आहे ना?" तिने विचारलं.

"सगळं आहे," चष्मेवाला खोल आवाजात म्हणाला.

मामा टेम्पो घेऊन आला. लोकांचं घरसामान हलवायचा त्याचा धंदा, त्यामुळे आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. त्याची स्वतःची सायकल म्हणजे त्याच्या कॉलेजच्या दिवसांतलं खटारं होतं आणि त्याचं चिखलाचं सामान म्हणजे बुटांवर चढवलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या. "दाजी, बिनधास्त जा!" तो म्हणाला. "काही झालंच तर मी आहे!" हे वाक्य तो प्रेमाने म्हणाला होता, पण ते चष्मेवाल्याला टेकडीच्या पायथ्यापर्यंत टोचत राहिलं. तिन्ही सायकली टेम्पोत घालून ते पोचले. आई फाटकात उभी राहून फारच प्रसन्न चेहऱ्याने हात हलवत होती.

सुरुवातीच्या रेषेवर चष्मेवाल्याने सायकल जरा पुढेमागे करून ब्रेक दाबले. सपाट जागेवर हळू फिरणारी चाकं थांबली. आवाज मात्र नाही! त्याने परत दाबले. अगदी चिडीचूप. फवाऱ्याचा गुण आला म्हणायचा, असं त्याला वाटलं आणि जरा धीर आला. सामान चांगलं असलं की किती फरक पडतो, हे त्याने शेजारच्या जोडीला सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात शिट्टी वाजली.

चढ त्याने झकास मारला. चढावर कोणी पडत नाही, धापच लागते, आणि धापेची त्याला भीती नव्हती. लेक पुढे, तो मागे, मधूनमधून ती वळून बघायची. तो दिसला की पुन्हा पुढे बघायची. ती दर वेळी वळून बघते आहे हे त्याला दिसत होतं, आणि का बघते आहे तेही त्याला कळत होतं.

माथ्यावर पोचल्यावर घसरगुंडी समोर आली. लाल चिखल चकाकत होता, मुळं साबण लावल्यासारखी दिसत होती आणि खाली, फार खाली, ते डबकं मागच्या वर्षीचं तसंच वाट बघत बसलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, हळू ये. मी तुझ्या मागेच राहते." त्याने मान हलवली, सायकल उतारावर घातली आणि नेहमीप्रमाणे आठही बोटांनी दोन्ही ब्रेक दाबले.

काहीच झालं नाही.

म्हणजे ब्रेक दाबले गेले, बोटं दुखेपर्यंत दाबले गेले, पण चाकं जणू त्या गावचीच नव्हती. सायकल आपली निघाली. चष्मेवाल्याने आणखी जोर लावला. सायकलने आणखी वेग घेतला. मग त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि तो त्याच्या ब्रेकच्या आवाजाइतकाच मोठा आणि त्याच सुरातला होता. पहिल्या मुळावरून सायकल उडाली आणि खाली आली. दुसऱ्यावरून उडाली आणि तिरकी खाली आली. पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, आणि मध्ये चष्मेवाला देवाचं नाव घ्यायचं की बायकोचं या विचारात.

"खुर्चीचे हात सोडा!" वळणावर उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या.

आणि त्याने सोडले. त्यात धैर्याचा काही भाग नव्हता. दाबून काही उपयोगच होत नाही म्हटल्यावर माणूस दाबणार तरी किती? त्याने हताश होऊन बोटं सैल केली, खांदे पडले, तोंड तर आधीपासून उघडं होतंच. आणि सायकल सरळ झाली. आतापर्यंत पिसाळलेल्या कुत्र्यासारखी ओढत असलेली सायकल एकाएकी त्याच्याखाली शहाण्यासारखी चालू लागली. चष्म्यावर इतका चिखल उडाला होता की जवळचं काही दिसत नव्हतं, म्हणून तो लांब बघू लागला. वळण आलं. त्याचा एक पाय आपोआप बाहेर आला, सायकल कलली, मागचं चाक जरा सरकलं आणि परत जागेवर आलं. एका बापलेकाच्या जोडीला त्याने मागे टाकलं. मग दोन बहिणींना टाकलं. "बाजूला व्हा!" असं तो ओरडत होता, पण ऐकणाऱ्यांना ते "वाहवा!" वाटलं असणार, कारण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी डबकं आलं. सायकल त्यात धाडकन शिरली, चिखलाने चाकं अर्ध्यापर्यंत गिळली, आणि चष्मेवाला थांबला. सायकलवर. बसलेला.

मागून लेक आली. तिच्या तोंडावर चिखल होता आणि चिखलातून फक्त डोळे आणि दात दिसत होते. "बाबा! तू ब्रेकच लावला नाहीस! मी बघत होते, तू अख्ख्या घसरगुंडीवर ब्रेकच लावला नाहीस!"

तिने त्याच्याकडे असं कधी पाहिलं होतं, ते आठवायला त्याला ती अगदी लहान असतानाच्या काळात जावं लागलं. तेव्हा तो तिला खांद्यावर बसवून छताला हात लावू द्यायचा.  हे असंच राहू दिलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण अजून एक फेरी होती, आणि त्याला तिच्याशी खोटं बोलवेना. घोट्याचं खोटं एक वर्ष पुरलं होतं.

"लावला होता ग," तो म्हणाला. "जीव खाऊन लावला होता. लागलाच नाही."

त्याने हातमोजा काढून ब्रेकच्या चकतीवर बोट फिरवलं. बोट चकाकलं. त्याने ते नाकाशी नेलं, आणि त्याला एकदम आपलं लहानपण आठवलं, शिवणाची खोली आठवली, ओळीने मांडलेली मशिनं आठवली. लेकीनेही वाकून वास घेतला.

"आजी," ती म्हणाली.

"आजी," तो म्हणाला.

आणि लेक हसू लागली. आधी सायकलला धरून हसली, मग सायकल सोडून हसली, मग चिखलातच बसून हसली. तिला हसताना बघून चष्मेवालाही हसू लागला. "म्हणजे तू घाबरला होतास?" तिने विचारलं.

"घाबरलो? मी तिथे वळणावरच मेलो होतो. खाली नुसता रेनकोट आला."

तोवर डॉक्टरीणबाई उतरून आल्या. त्यांनी चाक फिरवून बघितलं, ब्रेक दाबला, चाक फिरतच राहिलं. "या सायकलवर पुन्हा वर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "पण नियमात बसतं. सामान बिघडलं तर दुसऱ्या फेरीला राखीव गडी उतरू शकतो. तुमचा आहे ना कोणी?"

"मी आहे!" दोरीपलीकडून मामा गरजला. तो पिशव्या घट्ट बांधून तयारच होता आणि त्याने एक पाय सायकलवर टाकलाही होता.

चष्मेवाला उभा राहिला. वर्षभर तो ज्याची वाट बघत होता ते आज घडलं होतं. सामान खरोखर बिघडलं होतं. यात त्याचा काडीचा दोष नव्हता, चार लोक साक्षीला होते, खुद्द मंडळाच्या प्रमुखबाई सांगत होत्या, नियमात बसत होतं. इतकं स्वच्छ, इतकं सन्मानाचं कारण त्याला पुन्हा जन्मात मिळालं नसतं. त्याने लेकीकडे पाहिलं. ती बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती, पण ती ती सोडून पुन्हा बांधत होती, म्हणजे बापाला जे ठरवायचं ते तिच्या नजरेच्या धाकाविना ठरवता यावं. एवढी समजूतदार पोर कोणाच्या पोटी आली, असं त्याला वाटलं.

"मामा, उतर," तो म्हणाला. "माणूस राहू दे. सायकल तेवढी दे."

"दाजी, ही? हिला मडगार्ड नाही. टायर तर टकलू आहेत!"

"दिसतंय मला. हवा जरा काढ त्यातली."

दुसरा चढ संपता संपेना. मामाच्या सायकलचं पेडल घसरायचं, साखळी कुरकुरायची आणि मडगार्ड नसल्यामुळे मागच्या चाकाचा सगळा चिखल चष्मेवाल्याच्या पाठीवर बसत होता. पण सगळ्यांत वाईट गोष्ट माथ्यावर कळली. त्याने सहज ब्रेक दाबून पाहिले, आणि ते लागले. चांगले सणसणीत लागले, वर किंचाळलेही. समोर घसरगुंडी होती आणि हातात ब्रेक होते. मघाशी निवडच नव्हती, आता होती, आणि निवड असली की भीतीला बसायला जागा मिळते. त्याची आठही बोटं मिटली आणि सायकल माथ्यावरच किंचाळत उभी राहिली.

"बाबा?" मागून आवाज आला.

"हे बरं की ते बरं, ते बघतोय," तो म्हणाला.

मग त्याने एकेक बोट उघडलं. अगदी स्वतःच्या हाताने दुसऱ्याची मूठ सोडवावी तसं. दोन्हीकडे एकेक बोट राहिलं. त्याने श्वास घेतला, खांदे पाडले, वळणाच्याही पलीकडच्या झाडाकडे नजर लावली आणि सायकल सोडली. टकलू टायर पहिल्याच मुळावर घसरले. त्याने त्यांना घसरू दिलं. ते सावरले. वळणाच्या आधी एका बोटाने ब्रेक लावला, तो छोटासा चिरकला, आणि त्याने सोडून दिला. वळणात मागचं चाक सरकलं, आणखी सरकलं, आणि या वेळी मात्र परत आलं नाही. चष्मेवाला पडला. मऊ चिखलात, कुशीवर, रजई अंगावर ओढून घ्यावी तसा सायकल अंगावर घेऊन.

तो पडला आणि पडून झालं. त्याला नवल वाटलं ते याचंच, की पडणं एवढंसंच असतं. वर्षभर तो ज्याच्यासाठी ढाली जमवत होता ते एवढंसं होतं. डॉक्टरीणबाई वळणावरून हलल्यासुद्धा नाहीत. "दात?" त्यांनी तिथूनच विचारलं. त्याने ओठ फाकवून दाखवले. "चला मग," त्या म्हणाल्या. लेकीने हात दिला, तो उठला, हँडल सरळ केलं आणि पुढचं निम्मं उतरला. मघाचे बापलेक आणि त्या दोघी बहिणी केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. बक्षिसं वाटून झाली होती. शेवटच्या रेषेवरची दोरी गुंडाळत असलेल्या माणसाने त्यांच्यासाठी ती पुन्हा थोडी सोडली आणि दोघं तिच्यावरून एकदमच पलीकडे गेली.

घरी येताना पाऊस थांबला होता. टेम्पोत चिखल नको म्हणून तो पायथ्याशीच ठेवून तिघं सायकलींवर बसूनच आली. मामा लेकीच्या सायकलवर, लेक पुढे दांडीवर बसलेली, आणि चष्मेवाला मामाच्या सायकलवर. त्याची स्वतःची सायकल डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवून घेतली होती. गल्लीच्या तोंडापासून फाटकापर्यंत मामाचे ब्रेक असे काही किंचाळले की समोरचं बाळ उठलं.

आई दारात वाटच बघत होती. तिने आधी त्याचे हातपाय मोजल्यासारखे पाहिले आणि मग खालच्या आवाजात विचारलं, "काय रे, तुझ्या सायकलचा आवाज गेला की नाही? खरं सांग."

चष्मेवाला आणि लेक यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"गेला आई," तो म्हणाला. "सगळाच गेला."

"मी म्हटलं नव्हतं, फवाऱ्याने काय होतंय? काल दोन्ही चाकांत सोडलं मी. शिवणाच्या मशिनाचं तेल ते, त्याची सर कशाला यायची नाही." ती इतकी खूश झाली की तिला काही सांगायची कोणाचीच छाती झाली नाही. बायकोने तिघांना ओटीवरच अडवून कपडे पुसायला लावले आणि चहा आणून दिला.

मामा चहा फुंकत म्हणाला, "काय ग, पुढच्या वर्षी माझी राखीव जागा पक्की ना? आत्ताच सांगून ठेव, मी टायर बदलून घेतो."

लेकीने चहाचा घोट घेतला. "नको रे मामा," ती म्हणाली. "बाबा आहे ना."

तिने ते सहज म्हटलं, बिस्कीट पुढे सरकवावं इतकं सहज, आणि लगेच मामाशी दुसरंच काही बोलू लागली. चष्मेवाल्याने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तो पुसलेलाच होता. तरी बराच वेळ त्याला नीट दिसेना, आणि या वेळी दोष काचेचा नव्हता.

तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की आई ओटीवर नाही. फळीवरची तेलाची डबीही जागेवर नव्हती. आणि बाहेर, फाटकाशी मामाची सायकल टेकवली होती तिथून, आईचा समाधानी आवाज आला, "हिचा तर त्याहून जास्त आवाज आहे बाई! कोणी बघतच नाही का?"

"आजी, नको!" लेक किंचाळली.

मामा उठेपर्यंत चष्मेवाला निघालासुद्धा होता. पायात बूट नव्हते, ढाली नव्हत्या, पाणी न शिरणारे पायमोजे कोपऱ्यात पिळून ठेवलेले होते. अंगणातल्या ओल्या फरशीवर पहिल्याच पावलाला त्याचा पाय सटकला. शेजारी फाटकाचा खांब होता, कपडे वाळत घालायची दोरी होती, धरायला काय हवं ते होतं. त्याने काहीच धरलं नाही. खांदे सैल सोडले, नजर आईच्या हातावर ठेवली आणि तो उभ्या उभ्या फरशीच्या टोकापर्यंत घसरत गेला, आणि तिथे पोचून त्याने तिच्या हातातली डबी अलगद काढून घेतली.